एका पिंपातली दोन औषधे

आमच्या येळ्ळूरच्या शिवारात विषाला कोणी विष म्हणत नाही. त्याला औषध म्हणतात. भातावर औषध मारायचे, मिरचीवर औषध मारायचे, मसुरावर मावा दिसला की औषध आणायला बेळगावला जायचे. तापाने फणफणलेल्या पोराला जे पाजायचे तेही औषध आणि तुडतुड्यांवर जे फवारायचे तेही औषध. कर्जाने किंवा घरच्या कलहाने कंटाळलेल्या एखाद्याची बातमी सकाळी बांधावर येते तेव्हाही शब्द हाच असतो : ‘औषध घेतलं त्यानं.’ मी चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवली. समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या मुलांकडून पाठ करून घेतल्या. पण औषध या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द आमच्या शिवारात औषध हाच आहे, ही गोष्ट ध्यानात यायला मला निवृत्त व्हावे लागले.

निवृत्तीनंतर मी थोरल्या बंधूंबरोबर शेतात जाऊ लागलो. राजहंसगडाच्या पायथ्यापासून वडगाव-शहापूरच्या शिवारापर्यंत पसरलेला हा भाताचा पट्टा वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. पावसाळ्यात भात आणि भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा. एकेकाळी इथला बासमती शिजला की चार घरे पलीकडे कळत असे. आज तो वास दुर्मीळ झाला आहे. मात्र आश्विनात संध्याकाळी शिवारातून चालत आले की दुसरा एक उग्र वास नाकात बसतो. तो ओळखायला कोणाला शिकवावे लागत नाही.

हा वास आमच्या घरात एकदा फारच जवळून आला. २००९ सालची गोष्ट. दादा सकाळपासून पाठीवर पंप घेऊन फवारत होते. तोंडाला रुमाल नाही, पायात काही नाही, वारा समोरून. दुपारी बांधावर येऊन बसले ते उठेचनात. तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. बेळगावला नेले. डॉक्टरांनी अॅट्रोपिनच्या सुया दिल्या आणि रात्री उशिरा बाहुल्या हळूहळू मोठ्या झाल्या. वहिनी बाकड्यावर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “नुसतं औषध मारत होते हो, घेतलं नव्हतं.” शेजारच्या खाटेवरच्या माणसाने ‘घेतले’ होते. दोघांच्या नसांत एकच विष होते आणि दोघांवर उपचारही एकच चालला होता. त्या रात्रीपासून माझ्या मनात हा प्रश्न घर करून आहे : पीक राखण्यासाठी आपण किती मारावे, कशाने मारावे आणि तसे मारण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो?

या प्रश्नाला नवे वळण दिले ते पुतण्याने. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठातून तो पदवी घेऊन आला आणि येताना पिशवीतून पांढऱ्या भुकटीची पाकिटे घेऊन आला. “काका, ही बुरशी आहे. किड्याला रोग लावते,” तो म्हणाला. दादांनी पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिले. आयुष्यभर बुरशीला शत्रू मानलेला माणूस. भाताचा करपा बुरशी, बटाट्याचा करपा बुरशी, कणगीत ओल आली की बुरशी. आणि आता पैसे देऊन बुरशी शेतात सोडायची!

पण ही विद्या नवी नाही. इटलीतल्या लोदी गावच्या अॅगोस्तिनो बस्सी या गृहस्थाने १८३५ साली दाखवून दिले की, रेशमाचे किडे चुन्यात लोळवल्यासारखे पांढरे पडून मरतात ते हवेच्या किंवा अन्नाच्या दोषाने नव्हे, तर एका सूक्ष्म बुरशीने. प्राण्याला होणारा रोग सूक्ष्म जीवामुळे होतो, हे जगात पहिल्यांदा सिद्ध झाले ते या किड्यावर. त्या बुरशीला पुढे त्याचेच नाव मिळाले : ब्युव्हेरिया बॅसियाना. बस्सीला किडे वाचवायचे होते, कारण ते रेशमाचे होते. चव्वेचाळीस वर्षांनी, १८७९ मध्ये, रशियातल्या ओदेसा भागात मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने गव्हावरच्या भुंगेऱ्यांना मारणारी हिरवी बुरशी पाहिली आणि प्रश्न उलटा विचारला : हाच रोग आपण होऊन पसरवला तर? ती मेटारायझियम. हुमणीसाठी शेणखतातून जमिनीत घालतात ती हीच. आणि पावसाळ्यात सोयाबीनच्या, भुईमुगाच्या पानांवर अळ्या चिकटून मेलेल्या दिसतात, आधी पांढऱ्या आणि मग पोपटी हिरव्या, ती नोमुरिया. तिच्यावर धारवाडला अनेक वर्षे काम झाले आहे. २०१८ मध्ये शिवमोग्ग्याकडे मक्यावर अमेरिकन लष्करी अळी देशात पहिल्यांदा सापडली. या परक्या अळीवरही आपल्याकडची ही बुरशी आपसूक वाढताना पुढे अभ्यासकांना दिसली. पाहुणी अळी आली आणि घरच्या बुरशीने तिची ओळख करून घेतली, असे म्हणायला हरकत नाही.

बुरशीचे काम समजून घेतल्याशिवाय पुढचा विचार करता येणार नाही. चांगल्या पाकिटातल्या एका ग्रॅम भुकटीत निदान दहा कोटी बीजाणू असतात. बीजाणू किड्याच्या अंगाला चिकटतो. हवेत दमटपणा असेल तर रुजतो, आणि किड्याची कातडी विरघळवणारे रस सोडून आत शिरतो. किड्याने काही खायची गरज नाही. नुसता स्पर्श पुरतो. आत रक्तात वाढतो, आपले विष सोडतो, आणि तीन ते दहा दिवसांत किडा मरतो. मेल्यावर बुरशी कातडीबाहेर येते आणि नवे बीजाणू वाऱ्यावर सोडते. ऊन मात्र तिला सोसत नाही, म्हणून फवारणी संध्याकाळची. दुकानाच्या तापलेल्या पत्र्याखाली ती पाकिटातच मरते. थोडक्यात, हे औषध जिवंत आहे, आणि जिवंत गोष्टींचे सगळे नखरे त्याला आहेत.

दादांनी सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, “चांगलं हाय खरं, कीड थांबते होय तवर?”

प्रश्न बिनतोड होता. तपकिरी तुडतुडे भाताच्या बुंध्याशी बसून रस शोषतात. उभ्या पिकात गोल गोल चकत्या आग लागल्यासारख्या वाळत जातात. डोळ्यांदेखत चकती वाढत असताना आठवडाभर थांबा, असे सांगणाऱ्याचे पोट बहुधा त्या शेतावर नसते. माझे पेन्शन पहिल्या तारखेला येते. दादांचे येत नाही. संयमाचा उपदेश करण्याआधी हा फरक मी स्वतःशी कबूल करायला हवा होता.

पुतण्याने मग दुसरी गोष्ट सांगितली. दोन्ही वापरायचे. रसायन थोडे आणि बुरशी पूर्ण. थोड्या रसायनाने किडा मरत नाही, पण बधिर होतो. मग बुरशी त्याला गाठते. याची कारणे शास्त्रज्ञांनी शोधली आहेत आणि ती मोठी विलक्षण आहेत. वाळवी एकमेकींचे अंग चाटून बीजाणू काढून टाकते. इमिडाक्लोप्रिडची अगदी अल्प मात्रा मिळाली की ती हे चाटणे विसरते, आणि जी बुरशी एरवी निष्प्रभ ठरली असती ती वसाहतीत पसरते. अमेरिकेत बटाट्यावरच्या भुंगेऱ्याच्या अळ्यांवर पाहिले तर औषधाने त्यांचे खाणे थांबते, उपासाने कात टाकणे लांबते, आणि कातीबरोबर गळून गेले असते ते बीजाणू अंगावर राहून आत शिरतात. फ्लोरिडात संत्र्याच्या मुळ्या खाणाऱ्या अळ्यांवरही १९९० च्या दशकात असाच परिणाम दिसला. दोघांचे बळ नुसते एकत्र येत नाही. कधी कधी बेरजेपेक्षा जास्त होते.

आणि गंमत पाहा, हे इमिडाक्लोप्रिड ज्या कुळातले, त्या कुळाचे नावच ‘नवे निकोटीन’ अशा अर्थाचे आहे. निकोटीन नसेच्या ज्या जागी जाऊन बसते तिथेच तेही बसते. आमच्या जिल्ह्यातल्या निपाणीकडच्या माणसाला हे सांगितले तर तो हसेल, कारण भाजीवरच्या माव्यावर तंबाखूचा काढा मारणे ही आजोबांच्या वेळची रीत. आपण पुढे गेलो असे वाटत असताना पुन्हा तंबाखूच्या चुलत्याकडेच येऊन पोचलो होतो.

मला ही कल्पना मनापासून आवडली. शिक्षकाला मध्यममार्ग नेहमीच आवडतो. वर्गात दोन मुले भांडली की दोघांनाही थोडे रागवायचे आणि दोघांनाही थोडे गोंजारायचे, ही आमची सवय. घरात दादा एका टोकाला, पुतण्या दुसऱ्या टोकाला. दोघांची औषधे एका पिंपात गेली की भांडण मिटले, असे मला वाटले. २०२२ च्या हंगामात मी स्वतः पुढाकार घेतला. पुतण्या चार दिवस परगावी होता. पिंपात पाणी घेतले, बुरशीची भुकटी कालवली, दादांचे औषध निम्म्या मात्रेने घातले. आणि भातावर करप्याचे ठिपके दिसत होते, पंप दोनदा कशाला धरायचा, म्हणून करप्याचे औषधही त्यातच ओतले.

वाचकांच्या लक्षात आले असेल. माझ्या लक्षात आले नाही. करप्याचे औषध म्हणजे बुरशीनाशक. शत्रू बुरशी कोणती आणि मित्र बुरशी कोणती हे त्याला कसे कळावे? पिंपात काठी फिरवत असतानाच आमची बुरशी मरत होती. उरली ती निम्मी मात्रा. तिने तुडतुडे थोडे गुंगले आणि पुन्हा उठले. आठ दिवस मी बुंध्याशी वाकून पांढरे पडलेले किडे शोधत होतो. एकही सापडला नाही. चकत्या मात्र वाढल्या. पुतण्या परत आला, पिंपाशेजारची रिकामी पुडी पाहिली आणि फक्त एवढे म्हणाला, “काका, मला एक फोन करायचा होता की.” दादा काहीच बोलले नाहीत. ते मला अधिक लागले, कारण पीक त्यांचे होते आणि हौस माझी होती.

या चुकीने मला जे शिकवले ते कोणत्याही पुस्तकातून मी शिकलो नसतो. मिश्रण आणि मेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिश्रणाला पिंप आणि काठी पुरते. मेळ घालायचा तर प्रत्येकाचा स्वभाव माहीत असावा लागतो. कोणते रसायन कोणत्या बुरशीला सोसते, कोणते सोसत नाही, औषधातला मूळ घटक निरुपद्रवी असला तरी ज्या तेलकट द्रावात तो विरघळवलेला असतो तो बीजाणूंना जाळतो की काय, आधी कोण आणि मग किती दिवसांनी दुसरा, हे सारे पाहावे लागते. कार्बेन्डाझिम, मॅन्कोझेब यांसारखी बुरशीनाशके तर तिच्या जवळपासही येता कामा नयेत. दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या म्हणजे तिसरी चांगली गोष्ट तयार होते, हा भाबडेपणा आहे. मध्यममार्गाची म्हणून एक मेहनत असते, आणि ती टाळून नुसते मधे उभे राहणे म्हणजे दोन्ही बाजूंचे नुकसान करणे होय. भांडणाऱ्या दोन मुलांना अर्धे अर्धे रागावताना मी किती वेळा हेच केले असेल, असा विचार मनात आला आणि त्या रात्री नीट झोप लागली नाही.

असो. पद्धत सुधारता येते. पुढच्या वर्षी पुतण्याच्या सांगण्याप्रमाणे वेळा आणि क्रम पाळले आणि पांढरे किडे पाहायला मिळाले. पण मूळ नैतिक प्रश्न तिथे संपत नाही; उलट तिथेच सुरू होतो.

माझे एक जैन स्नेही आहेत, चिकोडीकडच्या शाळेत शिकवत होते, घरची शेती. आपल्या या भागातले जैन प्रामुख्याने शेतकरी, हे बाहेरच्यांना नवल वाटते. अहिंसेचे व्रत आणि नांगर एकाच घरात कसे नांदतात? मी त्यांना बुरशीची हकीकत कौतुकाने सांगितली. विष कमी झाले, जिवंत उपाय आला, हिंसा निम्म्यावर आली, असा माझा सूर होता. त्यांनी विचारले, “किड्याच्या बाजूने पाहिलंत काय? तुमचं रसायन त्याला तासाभरात मारतं. तुमची बुरशी पाच दिवस जिवंतपणी आतून खाते. आणि आता तर आधी बधिर करून मग खायला देता. ही निम्मी हिंसा की दीडपट?”

मला उत्तर सुचले नाही. आजही त्या बाजूने उत्तर नाही असे मी मानतो. जैविक म्हणजे दयाळू नव्हे. निसर्गाला दया ठाऊक नाही. बुरशीला सात्त्विक समजून आपण आपल्याच मनाला औषध देत असतो.

मग फरक कुठे आहे? स्नेह्यांनीच वाट दाखवली. जैन विचारात गृहस्थाच्या हिंसेचे चार भाग करतात. घरकामात होणारी ती आरंभी, पोटाच्या उद्योगात होणारी ती उद्योगी, आक्रमणापासून रक्षण करताना होणारी ती विरोधी, आणि मारायचे म्हणून ठरवून मारणे ती संकल्पी. पहिल्या तीन गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाहीत. त्याने जपून वागावे, कमीत कमी होऊ द्यावी. चौथी मात्र त्याने सोडलीच पाहिजे. त्यांनी आचार्य शांतिसागर महाराजांची आठवण काढली. आपल्याच जिल्ह्यातल्या भोजच्या पाटील घराण्यातले हे शेतकरी. पूर्वाश्रमी ते राखणीला जात तेव्हा पिकावर आलेल्या पाखरांना हाकलत नसत, उलट त्यांच्यासाठी पाणी ठेवत, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. ते झाले महापुरुषाचे. आपण पडलो सामान्य. १९२४ साली बेळगावच्या काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवणाऱ्या गांधीजींनीही पुढे, पीक नासणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत शेतकऱ्याला हत्या अटळ ठरते, अशी भूमिका घेतली होती. तेव्हा मारावे की नाही हा आपला प्रश्नच नाही. मारणे उद्योगी राहते की संकल्पी होते, हा आपला प्रश्न आहे.

आणि इथे मला शास्त्र आणि धर्मविचार अचानक एकाच बांधावर उभे दिसले. १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या चार कीटकशास्त्रज्ञांनी रासायनिक आणि जैविक उपाय एकमेकांना पूरक ठरतील असे वापरण्याची कल्पना नीट मांडली. आजच्या एकात्मिक कीड नियंत्रणाचे मूळ तिथे आहे. तिचा गाभा औषधांच्या मिश्रणात नव्हता, मोजणीत होता. कीड अमुक संख्येपर्यंत असेल तर ती सोसा. त्यापलीकडे गेली, नुकसान खर्चाहून मोठे होणार असे दिसले, तरच हात उगारा. भाताच्या तुडतुड्यांसाठी आपल्याकडे चुडामागे पाच ते दहा ही मर्यादा सांगतात. म्हणजे चार तुडतुडे असताना मारलेला पंप हा संकल्पी हिंसेचा आणि बारा असताना मारलेला उद्योगी हिंसेचा. शेजाऱ्याने मारले म्हणून मारणे, दुकानदाराने बाटली गळ्यात घातली म्हणून मारणे, सोमवार आला म्हणून मारणे, हे सारे संकल्पी. विवेकाची रेषा एवढ्या स्पष्टपणे आकड्यात मांडता येते, हे मला चौतीस वर्षांच्या मूल्यशिक्षणात कोणी सांगितले नव्हते.

पुतण्याला मात्र हे पटत नाही. तो म्हणतो, “काका, निम्मं विष म्हणजे निम्मं पाप, हा हिशेब कोणाचा? बुरशीच्या नावाखाली रसायनाला घरात कायमची खोली मिळते.” त्याच्या म्हणण्यात बळ आहे. ज्या कुळातल्या औषधाने वाळवी अंग चाटायचे विसरते, त्याच्या अल्प मात्रेने मधमाशीही वाट विसरते. युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्या कुळातल्या तिघांच्या उघड्यावरच्या वापरावर बंदी घातली ती याच काळजीने. ज्या गुणामुळे मेळ जमतो, तोच गुण पलीकडे अपराध ठरतो. विष कमी केले म्हणून ते निष्पाप होत नाही. शिवाय आमच्या शिवारातले पाणी बळ्ळारी नाल्याला जाते, आणि नाल्याला निम्मी मात्रा कळत नाही.

दुसरे उदाहरण तो २००२ चे देतो. सांगलीकडे उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता आपल्या जिल्ह्यापर्यंत पोचला. पानेच्या पाने पांढरी, खाली काजळी. लोकांनी पंप काढले. उंच उसात शिरून फवारणे अशक्य, आणि जिथे फवारले तिथे माव्याबरोबर त्याला खाणारेही मेले. अखेर त्याला आवर घातला तो मुख्यतः डिफाच्या अळीने आणि मायक्रोमसने. शेतकरी एका फडातली पाने दुसऱ्या फडात नेऊन हे मित्रकिडे पसरवत होते. इंडोनेशियाने तर १९८६ मध्ये भातावर सत्तावन्न कीटकनाशकांना बंदी केली, कारण फवारणीने कोळी आणि इतर भक्षक मरून तुडतुडे उलट वाढत होते. मग मेळ तरी कशाला? विष सोडूनच का देऊ नये?

आणि उलट टोकाला २०१७ चे यवतमाळ आहे. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडोंना इस्पितळात ठेवावे लागले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, संरक्षणाची साधने नाहीत, आणि कीड हटेना म्हणून एकात एक मिसळलेली औषधे. तेही मिश्रणच होते. मी त्या बातम्या वाचल्या तेव्हा २००९ सालचे इस्पितळातले बाकडे आठवले. एरवी कीटकनाशकाच्या चर्चेत आपण कीड, पीक, ग्राहक यांच्याविषयी बोलतो. पंप ज्याच्या पाठीवर आहे त्याच्याविषयी शेवटी बोलतो, वेळ उरला तर. डब्यावरचा त्रिकोण लाल की पिवळा, निळा की हिरवा, यावरून विषाची तीव्रता कळते. पण मजुरीने फवारायला आलेल्या माणसाला डबा कोण दाखवतो? त्याच्या हाती येते ते पाण्यात कालवलेले.

या दोन टोकांमध्ये मी आज जिथे उभा आहे ती जागा अशी. मेळ घालणे नैतिक आहे, पण फक्त एका अटीवर : तो मुक्काम नसून वाट असली पाहिजे. गेल्या वर्षीपेक्षा या वर्षी रसायन कमी लागले काय? सगळ्या शेताऐवजी फक्त वाळत्या चकतीभोवती मारून भागले काय? पंप धरणाऱ्याच्या हातात मोजे होते काय? या प्रश्नांची उत्तरे होय असतील तर निम्मी मात्रा ही पायरी आहे. नाही असतील तर पुतण्याचेच खरे. ती पळवाट आहे.

पण तेवढ्यावर थांबलो तर मी पुन्हा पेन्शनवाल्याच्या खुर्चीतून बोललो असे होईल. बुरशीला लागणारे पाच-सात दिवस म्हणजे शेतकऱ्याने घेतलेली जोखीम आहे. ती त्याने एकट्याने का घ्यावी? बाजारात आपण कॉलीफ्लॉवर उलटा करून पाहतो आणि आत एक अळी दिसली की परत ठेवतो. वांग्याला एक भोक असले तर भाव निम्मा. डाग नसलेली भाजी मागायची आणि विष नसलेली भाजीही मागायची, या दोन मागण्यांत आपण एकमेकींचा मेळ कधी घातला आहे काय? चुडामागे पाच-दहा तुडतुडे सोसायला दादांना सांगताना, पेंढीमागे एक अळी सोसायला मी शिकलो पाहिजे. सोसण्याची मर्यादा जशी शेताला असते तशी ती ताटालाही असावी. विषाचा हिशेब बांधावर संपत नाही. तो आपल्या स्वयंपाकघरात येऊन पुरा होतो.

या आश्विनातली एक संध्याकाळ सांगतो आणि थांबतो. दादा आणि मी शेतात गेलो होतो. दादांचा उजवा हात अलीकडे थरथरतो. डॉक्टर वयाचे कारण सांगतात. असेलही. ते चुडाशी वाकून बुंधा हलक्या हाताने थोपटतात आणि पाण्यावर पडलेले तुडतुडे मोजतात. मी वहीत आकडा लिहितो. वीस चूड झाले की सरासरी काढायची. हिशेब माझा, नजर त्यांची. पुतण्याने गेल्या वर्षीच घरातल्या सगळ्या डब्यांवर तेलरंगाने मोठ्या अक्षरांत एक शब्द लिहून ठेवला आहे. वहिनींना आणि नातवंडांना लांबून वाचता यावा म्हणून. दादांनी तेव्हा कपाळाला आठी घातली होती.

“किती?” त्यांनी विचारले.

“सहा भरले सरासरी. आणि तिघे पांढरे पडलेत या कोपऱ्यात.”

ते वाकून त्या पांढऱ्या ठिपक्यांकडे थोडा वेळ पाहत राहिले. मग धोतराला हात पुसत उभे राहिले. गडामागे सूर्य गेला होता, शेजारच्या शिवारात कोणाचा तरी पंप चालू होता आणि तो ओळखीचा वास वाऱ्यावर येत होता.

“चल मग घरला,” दादा म्हणाले. “दोन दिस बघू. ते विष ऱ्हाऊंदे सध्या.”

साठ वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला.